दोर आखूड ठेव

राजापेठ, अमरावती
दिवाळीनंतरचा रविवार

चि. छकुलीस,

पत्र लिहिण्यास कारण की, परवा रात्री ताईचा अकोल्याहून फोन आला. “तुह्यी भाची समुद्रात एकटी चालली म्हणते. तू नेव्हीत होता, आता तूच सांग तिले काय सांगाचं ते,” एवढं बोलून तिनं फोन ठेवला. गोव्यात तुम्ही चार मित्रमैत्रिणींनी मिळून घेतलेली सव्वीस फुटी शिडाची नौका घेऊन तू डिसेंबरात पणजीहून मालवणपर्यंत एकटी जाणार आहेस, हे मला त्या फोनवर कळलं. मी तुला थांबवावं अशी ताईची इच्छा आहे. मी थांबवणार नाही. इथं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात तू रोप मलखांब केलास, पोहायला शिकलीस. गेले काही हिवाळे त्या नौकेवर दुसऱ्यांच्या हाताखाली राबलीस. शीड कधी लहान करायचं ते तुला कळतं, नांगर टाकता येतो, नकाशा वाचता येतो. एकटीनं जावंसं वाटणं ही त्यापुढची पायरी आहे आणि ती तू चढावीस असं मला मनापासून वाटतं.

मात्र एका बाबतीत मला तुझा शब्द हवा आहे. नौका पाणी कापत असेल तोवर तू तिला बांधलेली असशील, आणि तो दोर इतका आखूड असेल की तोल गेला तरी तू पाण्यापर्यंत पोचणार नाहीस. या पत्रात बाकी जे काही आहे ते या एका गोष्टीसाठी आहे. कारण पटलं की नियम पाळायला जड जात नाही, म्हणून कारणांपासून सुरुवात करतो.

पाच नॉट हा तुझ्या नौकेचा साधा वेग. पाच नॉट म्हणजे सेकंदाला अडीच मीटरहून थोडं जास्त. तू पडलीस, पाण्यातून डोकं वर काढलंस, डोळे पुसलेस, एवढ्यात दहा सेकंद गेले तर नौका पंचवीस मीटर पुढे गेलेली असते. मिनिटभरात ती दीडशे मीटरवर असते. चांगला पोहणारासुद्धा अंगावरच्या कपड्यांनिशी, लाटांमध्ये, सेकंदाला जेमतेम मीटरभर जातो आणि तोही फार वेळ नाही. नौकेवर दुसरं कुणी असतं तर त्यानं सुकाणू वळवलं असतं. तू एकटी असताना सुकाणू ऑटोपायलट सांभाळतो, आणि नौकेवर माणूस आहे की नाही याची त्याला खबर नसते. तू दिलेली दिशा तो धरून राहतो. तुझं मंडळातलं पोहणं इथं कामाला येणार नाही, हे आधी मनात पक्कं कर.

आपल्या समुद्राचं पाणी डिसेंबरातही ऊबदार असतं. थंड देशांत पडलेला माणूस काही मिनिटांत गारठून हतबल होतो. आपल्याकडं तो तासन्‌तास तग धरू शकतो. त्यामुळंच आपले लोक जरा निर्धास्त असतात. पण तग धरला तरी तो कुणाला दिसायला हवा ना? लाट साधी कमरेइतकी असली तरी तिच्याआड डोकं लपतं. शेजारून गेलेल्या ट्रॉलरवरच्या खलाशाला ते दिसेलच असं नाही, आणि दुपारी सूर्य त्याच्या समोर असेल तर मुळीच दिसणार नाही.

आपल्याकडं विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरतो तेव्हा त्याच्या कमरेचा दोर धरून काठावर दोघं-तिघं उभे असतात. खालून हाक आली की ओढून घेतात. तुझ्या नौकेवर काठावर कुणीच नाही. म्हणून तुझा दोर तुला वर ओढून काढण्यासाठी आहे असं समजू नकोस. तो तुला खाली जाऊच न देण्यासाठी आहे. अनुभवी माणसांचीही गफलत होते ती इथंच.

एरिक ताबार्ली हे नाव तू ऐकलं असशील. फ्रान्समध्ये लहान पोरांनाही माहीत असलेला दर्यावर्दी, अटलांटिकच्या एकट्यानं करायच्या शर्यती जिंकलेला. १९९८ च्या जूनमध्ये रात्रीच्या वेळी वेल्सच्या किनाऱ्याबाहेर आपल्या जुन्या ‘पेन ड्यूक’वर शीड बदलत असताना तो पाण्यात फेकला गेला. अंगावर हार्नेस, म्हणजे दोर अडकवायचा छातीपट्टा, नव्हता. नौकेवर बाकीची माणसं होती, त्यांनी शोध घेतला, तरी तो सापडला नाही. काही आठवड्यांनी एका मासेमारी नौकेच्या जाळ्यात त्याचा देह आला. आयुष्यभर समुद्र वाचलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. कसब कितीही असलं तरी अंधारात एका लाटेचा धक्का पुरतो.

आता दुसरी घटना, कारण तिच्यातून शिकायचं ते निराळं आहे. २०११ साली इंग्लिश खाडीत एका शर्यतीत पुढच्या शिडाचं काम करणारा एक जण नौकेबाहेर पडला. त्याच्या अंगात हार्नेस होता, लाइफ जॅकेट होतं, दोर नौकेला अडकवलेला होता. दोर तुटला नाही. पण तो लांब होता, त्यामुळं माणूस पाण्यात पोचला आणि चालत्या नौकेच्या बाजूनं ओढला जाऊ लागला. सोबत्यांनी त्याला वर घेतलं तोवर तो गेला होता. माणसांनी भरलेल्या नौकेवर हे झालं. चालत्या नौकेमागं ओढल्या जाणाऱ्या माणसाच्या तोंडावर पाण्याचा लोट चढत राहतो, श्वास घ्यायला उसंतच मिळत नाही. दोन-तीन नॉटच्या वर वेग असेल तर धडधाकट माणसालाही दोर धरून स्वतःला नौकेपर्यंत ओढून घेता येत नाही. तू रोप मलखांबवाली आहेस, हातात जोर आहे, हे मी जाणतो. तरी या बाबतीत हातावर भरवसा ठेवू नकोस.

म्हणून पहिलं काम मोजमापाचं. हार्नेसपासून नौकेपर्यंत जाणारा पट्टा, म्हणजे टेदर, जास्तीत जास्त दोन मीटरचा असतो. तुला तीन हुकांचा घ्यायचा आहे: एक हुक छातीशी, एक मीटरभरावर आणि एक दोन मीटरवर. डेकवर हिंडताना मीटरभराचाच वापरायचा. तुझी नौका रुंदीला अडीच मीटरच्या आसपास असणार, म्हणजे मध्यरेषेपासून कठडा सव्वा मीटरवर. डेकवर पुढं-मागं जाण्यासाठी जी पट्टी ताणून बांधतात ती, म्हणजे जॅकलाइन, बहुतेक लोक कठड्यालगत बांधतात, कारण तिथं ती पायात येत नाही. तशी बांधली तर मीटरभराचा पट्टाही तुला कठड्याबाहेर जाऊ देईल. तू ती केबिनच्या छपरावरून, मध्यरेषेच्या जितकी जवळ नेता येईल तितकी ने. मागच्या बाजूला ती नौकेच्या टोकापर्यंत नेऊ नकोस. टेदरच्या लांबीइतकं अंतर आधीच संपव, म्हणजे मागून पडून फरफटत जायचा प्रश्न उरत नाही. नाळेकडं नौका निमुळती होते, तिथं मीटरभराचा दोरही जास्त होतो. तिथं उभं राहायचं नाही, गुडघ्यावर बसायचं, आणि वाऱ्याच्या बाजूच्या पक्क्या कडीला अडकवायचं. माणूस बहुधा नौका झुकलेल्या बाजूला घसरतो. दोर वरच्या बाजूला असेल तर तो लवकर अडतो.

हे सगळं कागदावर ठरवू नकोस. नौका धक्क्याला बांधलेली असताना हार्नेस चढव, हुक लाव आणि प्रत्येक जागी मुद्दाम कठड्याबाहेर अंग टाकून बघ. छाती कठड्याच्या आत अडली तर ती जागा बरोबर. कमरेपर्यंत बाहेर गेलीस तर दोर आखूड कर किंवा पट्टी सरकव. सोबत कुणाला तरी उभं कर आणि जिथं जिथं बरोबर जमलं तिथं डेकवर रंगाची खूण कर. रात्री बॅटरीच्या उजेडात त्या खुणा उपयोगी पडतील.

आता हुकाविषयी. २०१७ च्या नोव्हेंबरात जगाला फेरी घालणाऱ्या क्लिपर शर्यतीत, दक्षिणेकडच्या खवळलेल्या समुद्रात, एक जण बाहेर फेकला गेला. त्याचा टेदर प्रमाणित होता, नौकेला लावलेला होता. तरी तो सुटला. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागानं शोधून काढलं की जॅकलाइनवरचा हुक डेकवरच्या एका क्लीटखाली, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीखाली, अडकला होता. ओढ सरळ न बसता आडवी बसली, हुक वाकून उघडला, आणि तेही त्याला जेवढा भार पेलायला हवा त्याच्या कितीतरी खाली. सरळ ओढीला हत्तीएवढं बळ असलेला हुक आडव्या ओढीला पोकळ ठरतो. तेव्हा तुझ्या जॅकलाइनच्या वाटेत क्लीट, कडी, दोराची कप्पी असं काय काय येतं ते हुक सरकवत सरकवत बघ. जिथं तो कुठल्या वस्तूखाली शिरून बसतो, तिथं पट्टीची वाट बदल. हुक दुहेरी कुलपाचा हवा, एका दाबानं उघडणारा नको. कडीवर आपटून तो आपोआप उघडतो. सह्याद्रीत चढाई करणाऱ्या मित्रांकडून ॲल्युमिनियमचं कॅराबिनर आणून काम भागवू नकोस. खाऱ्या पाण्यात ते आतून खाल्लं जातं आणि वरून दिसत नाही. इमारतीवर रंगकाम करणारे वापरतात तो सेफ्टी बेल्टही नको. त्याचा हुक पाठीशी असतो आणि गरजेला तुझा हात तिथं पोचणार नाही.

हुक कुठं अडकवायचा आणि कुठं नाही, हेही ठरवून टाक. कठड्याच्या तारा आणि त्यांचे खांब हा आधार नव्हे. माणसाचं वजन झटक्यानं आलं की खांब वाकतात. शिडाचे दोर तर कधीच नाही, ते मोकळे सुटण्यासाठीच असतात. पक्क्या कड्या हव्यात, डेकच्या आरपार बोल्ट घालून खालून रुंद पट्टी देऊन कसलेल्या. नुसत्या स्क्रूवर बसवलेली कडी दिसायला तशीच दिसते, म्हणून खाली केबिनमध्ये शिरून, अस्तर उघडून, नट डोळ्यांनी बघ. जॅकलाइन पॉलिएस्टरच्या चपट्या पट्टीची असावी, तुटण्याची क्षमता निदान २,०४० किलोची. शर्यतींचे आंतरराष्ट्रीय नियम तेवढीच मागतात. गोल तारेवर पाय पडला की ती फिरते आणि माणूस घसरतो. नायलॉन भिजलं की सैल पडतं, आणि सैल पट्टी म्हणजे लांब झालेला दोर. आपल्या उन्हाचा मारा तर तू जाणतेसच. मे महिन्यात अकोल्याच्या गच्चीवर टाकलेल्या दोरीचं काय होतं ते आठव. पट्टीच्या आधी तिची शिवण जाते. प्रत्येक निघण्याआधी शिवणीवरून नख फिरव. धागा उसवून वर आला, रंग पांढुरका पडला की नवीन घे. नौका धक्क्याला असताना जॅकलाइन काढून सावलीत ठेव. तुमची नौका चौघांची आहे, तेव्हा हे काम कुणाचं यावर वाद घालू नकोस. जी एकटी जाणार तिनंच ते बघावं.

हार्नेस असलेलंच लाइफ जॅकेट घे, १५० न्यूटनचं, पाण्यात बुडाल्यावर दाबानं फुगणारं. नुसत्या तुषारांनी फुगणारं घेतलंस तर डेकवर काम करताना नको तेव्हा फुगेल. गॅसची नळी हातानं घट्ट आहे ना ते दर वेळी बघ, ती आपोआप सैल होते. छातीचा पट्टा इतका आवळ की मूठ आत जाऊ नये. मांड्यांमधले पट्टे अवघडल्यासारखे वाटतात म्हणून पुष्कळ जण सोडून देतात. ते सोडले तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि हनुवटीखालून माणूस खाली निसटतो. ते लावायचेच. शिवाय एका हातानं काढता येईल असा बांधलेला छोटा चाकू छातीशी ठेव. नौकाच उलटली किंवा बुडाली तर तो दोर कापण्याची वेळ येते, आणि तेव्हा गाठ सोडवत बसायला सवड नसते.

आता तुझ्या वाटेकडं वळतो. पणजीहून मालवण साधारण चाळीस सागरी मैल. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येईल, नौका छान चालेल. दुपारी खारा वारा उठेल तो वायव्येकडून, म्हणजे जवळजवळ तोंडावर. तुला नागमोडी जावं लागेल, अंतर वाढेल, वेंगुर्ल्याच्या खडकांवरचं दीपगृह बघेपर्यंत दिवस कलला असेल. मासेमारीची जाळी आणि त्यांचे तरंगे वाटेत असतील. अशा वेळी, चारच्या सुमारास, वारा वाढतो आणि शीड लहान करायला हवं असं तुझ्या लक्षात येतं. त्या क्षणी काय काय करायचं ते मी एकेक करून लिहितो.

आधी ठरव की पुढं जायची खरंच गरज आहे का. शीड लहान करायचे सगळे दोर कॉकपिटपर्यंत आणता येतात. निघण्यापूर्वी ते काम करून घे. एकट्या माणसाच्या नौकेवर हा खर्च सगळ्यांत आधी करावा, कारण डेकवरची प्रत्येक टाळलेली फेरी म्हणजे टळलेला धोका. तरी जायचंच झालं तर नौका आधी शांत कर. पुढचं शीड उलट्या बाजूला घेऊन, सुकाणू बांधून, नौका जवळजवळ थांबवता येते हे तू शिकली आहेस. ती थांबली की हलणंही कमी होतं आणि वेगही. मग कॉकपिटमध्ये बसूनच छोटा हुक जॅकलाइनला लाव आणि जोरात ओढून बघ. त्यानंतरच लांब हुक काढ. एक लागल्याशिवाय दुसरा सुटत नाही, हे बोटांना इतकं सवयीचं झालं पाहिजे की डोकं दुसरीकडं असलं तरी बोटं चुकणार नाहीत. वाऱ्याच्या बाजूनं, गुडघ्यांवर, एक हात कायम कशाला तरी धरून डोलकाठीपर्यंत जा. तिथं पोचल्यावर काठीच्या पायथ्याशी पक्क्या कडीला दुसरा हुक लाव, मग दोन्ही हात कामाला मोकळे कर. बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या काठीच्या, पातळीवर डोकं येऊ देऊ नकोस. परत येताना हीच रीत उलट्या क्रमानं.

घाईच्या वेळी माणूस सावध असतो. घात होतो तो निवांत वेळी. आमच्या नौकेवर गोव्याबाहेर एकदा एका तरुण खलाशानं डेक धुवायला चालत्या नौकेतून बादली टाकली. दोर मनगटाला गुंडाळलेला होता. बादली भरली आणि खांद्यातून हात निघावा असा हिसका बसला. तो कठड्यावर पोटापर्यंत बाहेर गेला. टेदर ताणला गेल्याचा खाडकन आवाज मला अजून ओळखता येईल. समुद्र शांत होता, सकाळची वेळ होती. त्याला हुक लावायला सांगितलं होतं म्हणून तो आत राहिला. तेव्हा डॉल्फिन दिसले म्हणून फोटो काढायला उठताना, सांडलेलं भांडं विसळताना, इंजिनवर सरळ चालताना, पायरीवर बसून चहा पिताना, प्रत्येक वेळी हुक लावलेला असला पाहिजे. केबिनच्या दारातून हात बाहेर काढून पोचेल अशी एक कडी बसवून घे: बाहेर पाऊल टाकण्याआधी हुक लागतो आणि आत उतरल्यावरच निघतो. “आता गरज आहे का?” हा प्रश्न समुद्रावर स्वतःला विचारायचाच नाही. त्याचं उत्तर किनाऱ्यावर देऊन टाकलेलं बरं.

एवढं करूनही पडलीस तर? त्याचीही तयारी ठेव, पण तिच्यावर विसंबू नकोस. पाण्यातून हात घालून खाली ओढता येईल अशी शिडी मागं लाव. नांगर टाकलेला असताना कपडे आणि फुगलेलं जॅकेट घालून पाण्यात उतर आणि वर चढून बघ. ४०६ मेगाहर्ट्झचा छोटा बीकन केबिनच्या खणात न ठेवता अंगावर बांध. त्याचा संदेश उपग्रहामार्फत बंगळुरूच्या केंद्रात पोचतो आणि तिथून तटरक्षक दलाला जातो. शिट्टी, दिवा आणि पाण्यात टिकणारा व्हीएचएफ रेडिओ अंगावरच हवा, वाहिनी १६. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक ताईच्या फोनमध्ये घालून दे. निघण्याची आणि पोचण्याची वेळ पणजीतल्या बंदर कप्तान खात्याला आणि आम्हाला लेखी कळव. मालवणच्या खडकाळ बंदरात अंधारात शिरायचं नाही. उशीर झाला तर बाहेर, मोकळ्या पाण्यात थांबायचं.

कमांडर अभिलाष टॉमी यांचं तुला ठाऊक आहे. २०१८ च्या सप्टेंबरात गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात वादळानं त्यांची ‘तुरिया’ लोळवली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर मार बसला. २१ तारखेला हे झालं आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. तीन दिवस हलताही येत नसलेला तो माणूस वाचला, कारण तो नौकेवरच होता. मोडकी, पाणी भरलेली, शीड नसलेली नौकासुद्धा विमानातून दिसते. ती तुझं घरही असते आणि तुझा पत्ताही. पुढं ते पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले.

तुझी नौका लहान आहे म्हणून मला काळजी वाटत नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ फक्त बत्तीस फुटी, सागवानाची, आपल्या मुंबईत आपल्या कारागिरांनी बांधलेली. तिच्यावर त्यांनी १९६८-६९ मध्ये ३१२ दिवसांत एकट्यानं, कुठंही न थांबता, पृथ्वीप्रदक्षिणा केली. काम होतं ते तयारीनं.

एक अपवाद मात्र लक्षात ठेव. सुट्टीत इथं आलीस की अप्पर वर्धाच्या पाण्यावर पोरांना लेझरसारखी छोटी होडी शिकवायचं तुझ्या मनात आहे, असं ताई म्हणाली. त्या होड्यांत कुणालाही बांधायचं नाही. त्या उलटतातच, उलटणं हा शिकण्याचाच भाग असतो, आणि बांधलेलं पोर शिडाखाली अडकू शकतं. तिथं नियम वेगळा: जॅकेट प्रत्येकाला, हातातला शिडाचा दोर सोडायचा नाही, आणि होडी उलटली तरी तिला धरून राहायचं, काठाकडं पोहत निघायचं नाही. १४ सप्टेंबर २०२१ ला आपल्याच वरुड तालुक्यात, झुंजजवळ वर्धा नदीत, होडी उलटून अकरा जीव गेले. आपल्या जिल्ह्यानं ते दुःख पाहिलं आहे. आपल्याकडं समुद्र नाही म्हणून हे शास्त्र आपल्या कामाचं नाही असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांग.

आता शेवटचं, आणि ते मी बराच विचार करून लिहितो आहे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात सागर परिक्रमेची, म्हणजे शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीला फेरी घालण्याची, कल्पना आली आणि कमांडर दिलीप दोंदे पुढं आले, तेव्हा ते लगेच एकटे निघाले नाहीत. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात त्यासाठीची ‘म्हादेई’ नौका बांधली जात असताना ते तिच्या अंगाखांद्यावर वावरले, तिचा खिळा न्‌ खिळा त्यांना माहीत झाला. ती पाण्यात उतरल्यावर सोबत्यांना घेऊन मॉरिशसला गेले आणि तिथून एकटे परत आले. त्यानंतर १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, वाटेत चार बंदरं घेतली, आणि १९ मे २०१० ला मुंबईला पोचले. एकट्यानं पृथ्वीला फेरी घालणारे ते पहिले भारतीय.

तीच रीत आपण धरू. जाताना मी तुझ्यासोबत येतो. मी कशालाही हात लावणार नाही, तूच नौका चालवायची. मी फक्त तुझे हुक बघेन. मालवणला मी उतरतो आणि एसटीनं परत फिरतो. येताना तू एकटी. वायव्येचा वारा तेव्हा पाठीशी असेल, वाट सोपी असेल. बूम मात्र दोरानं बांधून ठेव, पाठीच्या वाऱ्यात ती अचानक फिरते.

पत्राच्या उत्तरात मला तीन गोष्टी हव्या आहेत: मध्यरेषेपासून कठड्याचं अंतर, टेदरची दोन्ही हुकांपर्यंतची लांबी आणि जॅकलाइनच्या दोन्ही टोकांच्या कड्यांचे खालून काढलेले फोटो, नट दिसतील असे. ते आले की मी जठारपेठेत जाऊन ताईला समोर बसवून सगळं सांगतो. हार्नेस माझ्याकडं पाठवून दे, मी तो तिला चढवून दाखवीन. ती तुला अडवणार नाही, याची जबाबदारी माझी.

कळावे.

तुझा मामा